कोकणातल्या बागेतील छोट्या ट्रॅक्टरची वर्षभराची देखभाल

कातळमाथा

नमस्कार. राजापूर तालुक्यात कातळावर माझी आंबा-काजूची बाग आहे आणि खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला थोडी भाताची मळी आहे. दोन्ही ठिकाणच्या कामासाठी मी नऊ वर्षांपूर्वी २४ अश्वशक्तीचा, चारही चाकांना ओढ असलेला छोटा ट्रॅक्टर घेतला. आता आमच्या पंचक्रोशीत असे ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर बरेच झाले आहेत, पण त्यांच्या देखभालीबद्दल जे छापील मिळते ते घाटावरच्या, वर्षभर राबणाऱ्या यंत्राला समोर ठेवून लिहिलेले असते. आपले यंत्र थोडे चालते आणि पुष्कळ उभे राहते, तेही खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात. म्हणून स्वतःच्या चुकांतून जे समजले ते येथे सविस्तर मांडतो. जाणकारांनी दुरुस्ती करावी.

माझ्या ट्रॅक्टरचे वर्षाला जेमतेम दीडशे तास भरतात. पहिली तीन वर्षे मी तासांच्या मीटरवर विसंबलो. इंजिन ऑइल २५० तासांनी बदलावे असे पुस्तिकेत होते, त्याप्रमाणे मी ते जवळजवळ पावणेदोन वर्षांनी बदलले. त्याच ओळीत पुढे वर्षाची मुदतही दिलेली होती आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरावे असे स्पष्ट लिहिलेले होते. ते वाचूनही मी मनावर घेतले नव्हते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर क्लच सुटेनासा झाला, डिझेलच्या गाळणीच्या भांड्यात बोटभर पाणी निघाले आणि पुढच्या एका चाकाच्या बेअरिंगमध्ये ग्रीसच्या जागी तांबडा चिखल सापडला. यातले पहिले दोन बिघाड यंत्र उभे राहिल्याने झाले होते आणि तिसरा, चिखळणीनंतर (लावणीसाठी पाणी भरलेल्या शेतात चिखल केल्यानंतर) ते न धुता, न तपासता तसेच उभे केल्याने. तेव्हापासून मी मीटरकडे दुय्यम म्हणून पाहतो आणि देखभालीच्या वेळा ऋतूंना बांधून घेतल्या आहेत: आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस, लावणी आटोपल्यावरचा आठवडा, खंडेनवमी आणि आंबा काढणीच्या आधीचे दिवस.

आगोटीच्या कामांत लोक घर शाकारतात, लाकूडफाटा आत घेतात, मांगराला झापे बांधतात. त्याच यादीत डिझेलची टाकी घालावी. अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्यात अर्धी टाकी दमट हवा. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेतले पाणी आतल्या बाजूला घामासारखे जमते आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात, त्यांची काळपट बुळबुळीत साय होते आणि पहिल्याच चिखळणीच्या दिवशी ती फिल्टरमध्ये जाऊन बसते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस मी यंत्र एक रात्र हलवत नाही, सकाळी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत गाळ आणि पाणी एका डब्यात काढतो, गाळणीचे भांडे धुतो, फिल्टर बदलतो आणि टाकी काठोकाठ भरतो. पावसाळाभर कामावरून आल्यावर संध्याकाळीच डिझेल भरायचे, सकाळी निघताना नाही, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवला आहे.

फिल्टर बदलल्यावर पाइपात हवा धरते. ती काढण्यासाठी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहावे. आधी फेसाळ डिझेल येते, मग बुडबुडे थांबून सलग धार लागते, आणि धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. हे एकदा मिस्त्रीकडून समजून घेतले की भर लावणीत त्याची वाट पाहत बसावे लागत नाही.

लावणीनंतरचा आठवडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच आपण थकव्यामुळे सोडून देतो. चिखळणीत यंत्राची चाके आसापर्यंत पाण्यात असतात. गरम झालेली गिअरची पेटी थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकुंचते आणि ऑइल सील जरासे झिजलेले असले तरी बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे पुढच्या आसातल्या गिअरचे, मागच्या पेटीचे आणि रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सचे तेल मी थोडे थोडे काढून पाहतो. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी गेले आहे, आणि मग पुस्तिकेतले किती तास उरले आहेत हे पाहण्याला काही अर्थ नाही. ते सगळे बदलावे आणि पाणी ज्या सीलमधून गेले तो सीलही बदलावा. प्रत्येक ग्रीस निप्पल आधी फडक्याने पुसावा आणि सांध्यातून जुने, मातीने भरलेले ग्रीस बाहेर पडून नवे दिसेपर्यंत ग्रीस गन मारावी. निप्पल न पुसता मारलेले ग्रीस तोंडावरची वाळू थेट बेअरिंगमध्ये ढकलते.

त्यानंतर गणपतीपर्यंत, पुष्कळदा भातकापणीपर्यंत, यंत्राला विशेष काम नसते. क्लचची कोरडी प्लेट या दमट काळातच गंजाने फ्लायव्हीलला चिकटते. हे टाळण्याचा उपाय फुकट आहे: क्लचचे पेडल पूर्ण दाबून त्यावर लाकडी ठोकळा असा अडकवावा की ते दाबलेलेच राहील, काही यंत्रांना त्यासाठी आकडाही दिलेला असतो. हायड्रॉलिकचे हात खाली उतरवलेले असावेत, चाकांखाली फळ्या असाव्यात आणि हँडब्रेक ओढून ठेवण्याऐवजी चाकांना दगड लावावेत, कारण ब्रेकसुद्धा ओढलेल्या स्थितीत गंजाने धरतो.

खंडेनवमीला यंत्राची पूजा आपण करतोच. मी त्याच्या आदल्या दिवशी इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलतो, मग तास कितीही झालेले असोत. ऑइल इंजिन कोमट असताना काढावे, म्हणजे गाळही सोबत निघतो. वर्षाची तारीख त्यामुळे कधी चुकत नाही.

ग्रीसगन

लेख मन लावून लिहिला आहे. मी दापोलीकडे बावीस वर्षे पॉवर टिलर आणि छोट्या ट्रॅक्टरची दुरुस्ती करतो. क्लचच्या ठोकळ्याबद्दल आपण लिहिलेत ते दहा गिऱ्हाइकांपैकी आठांना माहीत नसते आणि मला दर ऑक्टोबरमध्ये त्याच कामासाठी ट्रॅक्टर मधोमध सोडवावे लागतात.

एका गोष्टीची भर घालतो. पुष्कळ जण पावसाळ्यात दर रविवारी इंजिन पाच मिनिटे चालू करून बंद करतात आणि आपण यंत्राची काळजी घेतली असे समाधान मानतात. त्याने नुकसानच होते. इंधन जळताना पाण्याची वाफ तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ती आत थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते, शिवाय स्टार्टरने बॅटरीतून घेतलेली वीज पाच मिनिटांत पुरती परत भरत नाही. पंधरा-वीस दिवसांतून एकदाच चालू करावे, पण कूलंट तापून काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, शक्यतो थोडे चालवून. तेवढा वेळ नसेल तर चालूच करू नये. बॅटरीची ऋण बाजूची तार काढून ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्जर लावावा. १२ व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ च्या आसपास दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्ज करावी. तार काढताना ऋण बाजू आधी आणि लावताना ती शेवटी, म्हणजे पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी ओतण्याची सवयही सोडा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, ते रेडिएटरच्या नळ्या आतून खाते. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे घालावे किंवा तयार मिसळलेले आणावे. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट कशाला, असे मला विचारतात. गंज रोखणे आणि उकळीचा अंश वर नेणे ही त्याची कामे आपल्याकडेही तेवढीच लागतात.

सुपारीबाग

मी श्रीवर्धनची. आमच्या वाडीत नारळ-सुपारी आहे आणि सासऱ्यांच्या पश्चात ट्रॅक्टर मीच चालवते. कातळमाथा काका, आपण खाऱ्या वाऱ्याचा उल्लेख केलात, पण त्यावर काय करावे ते लिहिले नाहीत. आमची वाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. दिव्यांच्या होल्डरपासून सीटखालच्या बोल्टपर्यंत सगळीकडे गंज चढतो. शेजारच्यांनी इंजिनातून काढलेले जुने ऑइल खालून सांगाड्याला फासण्याचा सल्ला दिला आहे. ते योग्य आहे का?

दुसरी अडचण अशी की जून उजाडण्याआधी आणि पुन्हा पावसाच्या उघडिपीत आम्ही सुपारीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतो. पंप ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, चालतो. दोन वर्षांत पंपाचे नटबोल्ट आणि ट्रॅक्टरचा मागचा पत्रा हिरवट-तांबूस होऊन झडू लागला आहे.

कातळमाथा

ताई, जुने ऑइल फासू नये असे माझे ठाम मत आहे. त्यात इंजिनातली काजळी, धातूचा चुरा आणि आम्लता असते, रबरी नळ्या आणि सील त्याने फुगतात, त्यावर धूळ बसून थर तयार होतो आणि पहिल्या पावसात ते वाहून थेट आपल्याच व्हाळात किंवा विहिरीत उतरते. मी जुने ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि ते पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्याच्या स्वाधीन करतो.

मीठ हवेतला दमटपणा ओढून धरते, त्यामुळे पाऊस नसतानाही पत्रा सूक्ष्म ओला राहतो. म्हणून किनाऱ्यालगतच्या यंत्राला हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, म्हणजे पाऊस मीठ धुऊन नेत नाही त्या महिन्यांत, पंधरा दिवसांतून एकदा गोड्या पाण्याने खालून-वरून धुणे हाच मुख्य इलाज आहे. पाण्याचा जोराचा फवारा रेडिएटरच्या जाळीवर, अल्टरनेटरवर, बेअरिंगच्या सीलवर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर मारू नये. धुतल्यावर यंत्र उन्हात सुकवून उघडे पडलेले लोखंड तारेच्या ब्रशने घासावे, प्रायमर आणि रंग द्यावा. जिथे रंग टिकत नाही, उदाहरणार्थ पीटीओच्या दातेरी दांड्यावर किंवा मागे अवजार जोडायच्या थ्री-पॉइंटच्या पिनांवर, तिथे ग्रीस लावावे. विजेच्या जोडण्यांत बॅटरीची जी जाड तार सांगाड्याला जोडलेली असते तिचा बोल्ट सर्वजण विसरतात. तो काढून खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासावा, घट्ट आवळावा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावावी. स्टार्टर मंद फिरतो म्हणून बॅटरी बदललेल्या कितीतरी यंत्रांत खरा दोष त्या एका बोल्टाखालच्या गंजाचा असतो.

झापांच्या किंवा पत्र्याच्या मांगरात यंत्र ठेवताना त्यावर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आत घाम धरतो आणि गंज दुप्पट वेगाने लागतो. वरून छप्पर आणि चारही बाजूंनी खेळती हवा असावी. समुद्राच्या बाजूला मात्र कुडाची भिंत करावी.

ग्रीसगन

बोर्डोबद्दल मी सांगतो, कारण दरवर्षी असे पंप माझ्याकडे येतात. एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना घेतात. मिश्रण बरोबर जमले की नाही हे पाहायला आपण त्यात लोखंडाची चकचकीत सुरी बुडवतो आणि तिच्यावर तांबडा थर बसला तर आणखी चुन्याची निवळी घालतो. सुरीवर जे घडते तेच आपल्या पंपाच्या बोल्टांवर घडत असते: मोरचुदातले तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळून निघून जाते. म्हणजे ही चाचणी झाडाच्या पानांसाठी जितकी आवश्यक, तितकीच यंत्रासाठीही, आणि घाईत ती टाळली की दोघांचेही नुकसान होते.

फवारणी संपल्यावर टाकीत स्वच्छ पाणी घेऊन पंप दहा मिनिटे चालवावा, नोझल आणि गाळण्या उघडून धुवाव्यात, ट्रॅक्टरचा मागचा भाग वाळण्याच्या आत धुवावा. वाळलेला चुन्याचा थर नंतर खरवडावा लागतो आणि त्याबरोबर रंगही निघतो. मोरचूद भिजवायला लोखंडी बादली घेऊ नये, हे आपल्याला माहीत असेलच.

ताई, पंप पीटीओवर चालतो म्हणालात म्हणून एक विचारतो. मधल्या शाफ्टवर प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण शाबूत आहे ना? पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी किंवा खांद्यावरचे उपरणे त्यात अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. आवरण फुटले असेल तर बाकीची सगळी कामे बाजूला ठेवून ते आधी बदला. त्या शाफ्टच्या दोन्ही क्रॉस जॉइंटना कामाच्या दिवसांत रोज ग्रीस मारावे, पण इंजिन बंद करून आणि चावी स्वतःच्या खिशात घेऊन.

सुपारीबाग

आवरण अर्धे फुटलेले आहे. उद्याच बदलून घेते.

वाशिष्ठीकाठ

धाग्यात पुराचा विषय आलेला नाही, म्हणून लिहितो. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला पूर आला तेव्हा आमचा ट्रॅक्टर बॉनेटच्या वरपर्यंत पाण्यात होता. पाणी ओसरल्यावर आळीतल्या दोघांनी आपापली यंत्रे चालू होतात का हे पाहायला लगेच स्टार्टर मारला. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखे दाबले जात नाही. दट्ट्या त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यांपैकी एकाचे इंजिन तसेच गेले.

आम्ही सुदैवाने थांबलो. मिस्त्रीने आधी बॅटरी सोडवली, इंजेक्टर काढले आणि इंजिन हाताने फिरवून सिलिंडरमधले गढूळ पाणी बाहेर काढले. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक आणि पुढचा आस यांतले सगळे तेल, तसेच टाकीतले सगळे डिझेल काढून टाकले. स्टार्टर आणि अल्टरनेटर खोलून गोड्या पाण्याने धुऊन सुकवले. नवे ऑइल भरून थोडा वेळ चालवल्यावर ते पुन्हा दुधाळ झाले, म्हणून दुसऱ्यांदा बदलले. खर्च झाला, पण यंत्र आजही कामात आहे. पुराचा गाळ आत वाळू देऊ नये, दोन-तीन दिवसांत हे उरकावे. उशीर झाला की गंज बेअरिंगला धरतो.

देवगडवाडी

मी या धाग्याचा वाचक आहे आणि माझ्यापुढे एक अडचण आहे. माझा ट्रॅक्टर सकाळी व्यवस्थित चालू होतो, आमराईत गवत कापायला अर्धा-पाऊण तास चालतो आणि मग ताकद जाऊन बंद पडतो. दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा चालू होतो आणि पुन्हा तसाच बंद पडतो. डिझेल फिल्टर दोनदा बदलला, एअर क्लीनर साफ केला, टाकीत पाणी नाही. एका ठिकाणी मला डिझेल पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवण्यास सांगितले आहे. आंबा काढणी तोंडावर आहे आणि पेट्या वाहण्यासाठी दुसरी सोय नाही.

कातळमाथा

पंपाला हात लावण्यापूर्वी एक सोपी गोष्ट करून पाहावी. यंत्र बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडा. उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि यंत्र लगेच चालू झाले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बंद आहे. डिझेल खाली जाते तसतशी टाकीत हवा शिरली पाहिजे. ती शिरली नाही की आत पोकळी तयार होते आणि डिझेल खेचले जात नाही. थांबल्यावर हवा कुठून तरी हळूहळू आत झिरपते, म्हणून दहा मिनिटांनी यंत्र पुन्हा चालते. आपण सांगितलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात.

आपल्याकडे हे छिद्र बंद होण्याचे कारण बहुधा कुंभारमाशी असते. हिवाळ्यात यंत्र उभे असले की ती कुठल्याही लहान भोकात ओल्या मातीचे घर करते. माझ्या यंत्रात तिने सायलेन्सरच्या तोंडातही घर केले होते. उंदीर एअर क्लीनरच्या नळीत पेंढा भरतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात, तेही पाहून घ्या. उन्हाळ्यात आमराईत गवत कापताना बी आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकते. ती रोज संध्याकाळी आतल्या बाजूने बाहेर अशी फुंकून काढावी. एअर क्लीनर कोरड्या कागदाचा असेल तर त्यालाही हवा आतून बाहेरच मारावी आणि बेताच्या दाबाने, नाहीतर कागदाला सुईएवढी भोके पडतात व तांबडी धूळ सरळ इंजिनात जाते. आतली छोटी फिल्टरची कांडी साफ करायची नसते, ती फक्त बदलायची.

ग्रीसगन

कातळमाथा यांच्याशी सहमत. जुन्या पद्धतीचा तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर वाटीतले तेल खुणेपर्यंतच ठेवा. जास्त भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि स्वतःच्या मर्जीने वेग घेऊ लागते.

पेट्या वाहण्याचे काम आहे म्हणून आणखी एक सूचना. उतारावर भरलेली ट्रॉली घेऊन निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडणारी कडी लावली आहे ना, हे उतरून डोळ्यांनी पाहा. शेतात वळण्यासाठी ती सोडलेली असते आणि रस्त्यावर तशीच राहिली तर एकच चाक धरते व ट्रॅक्टर फिरतो.

देवगडवाडी

झाकण उघडताना स्पष्ट आवाज आला आणि ट्रॅक्टर तत्क्षणी चालू झाला. झाकण डिझेलमध्ये भिजवून बारीक तारेने छिद्र साफ केले, तेव्हा तांबडी माती आणि एक वाळलेली अळी निघाली. काल सलग अडीच तास गवत कापले, कुठेही थांबला नाही. पंप काढला नाही. ब्रेकची कडी मात्र सुटलेलीच होती. ती लावून आज पहिल्या चाळीस पेट्या खाली आणल्या.

एक शंका उरली आहे. ते छिद्र पुन्हा बंद होऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली तर चालेल का?

कातळमाथा

चिकटपट्टी लावली आणि काढायची राहिली तर माशीने केले तेच आपण केल्यासारखे होईल. यंत्र उभे असेल तेव्हा झाकणावर सुती कापडाचा तुकडा दोऱ्याने बांधावा. त्यातून हवा जाते, माशी जात नाही. सायलेन्सरवर उलटा डबा घालावा आणि त्याला लाल चिंधी बांधून तिचे दुसरे टोक स्टिअरिंगला अडकवावे, म्हणजे चालू करण्यापूर्वी डबा काढण्याची आठवण राहील.